सात नंबरचा ब्रश

“अण्णा, हे काय आहे?”

बोधनकर मॅडमनी श्रीखंडाचा पाव किलोचा डबा माझ्या स्टोअरच्या खिडकीत आपटला. दसऱ्याला चार दिवस राहिले होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि माझा चहा अजून अर्धा कपात होता.

“श्रीखंड,” मी म्हणालो.

“आणि त्यात?”

मी चष्मा लावून वाकलो. पिवळसर श्रीखंडात निळ्या रंगाचा एक केस रुतून बसला होता. बोटाच्या पेराएवढा, प्लास्टिकचा.

“केशर नव्हं, एवढं खरं.”

मॅडमना हसू आलं नाही. त्या आमच्या डेअरीत क्वालिटीला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. परभणीला शिकलेल्या, माझ्या धाकट्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि आल्यापासून त्यांच्या हातात एक भिंग आणि कपाळावर एक आठी कायम.

“जयसिंगपूरच्या एका बाईंनी हा डबा दुकानात परत आणून दिलाय. लहान लेकराच्या वाटीत निघालाय हा केस. घशात अडकला असता म्हणजे?”

“अडकला न्हाई न्हवं?”

“काय बोलायलात अण्णा तुम्ही! ब्रशचा केस आहे हा. ती बॅच मी कोल्ड स्टोरेजमध्ये अडवून ठेवलीय, गेलेला माल परत मागवलाय. पण रोजचं काम चालूच आहे. मला आजच्या आज सगळे निळे ब्रश बदलून पाहिजेत.”

“किती?”

“चाळीस.”

“चाळीस जुने आणा, चाळीस नवे घेऊन जावा.”

“आधी नवे द्या. जुने मी नंतर गोळा करते.”

“तसं हुत न्हाई.”

“का होत नाही?”

मी खिडकीच्या वर बोट दाखवलं. तिथं मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती : ‘जुने जमा केल्याशिवाय नवे मिळणार नाहीत.’ मॅडमनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. मग डबा तिथंच ठेवून तरातरा निघून गेल्या. मी चहाचा कप उचलला, तर त्यावर साय आलेली.

मला लोकांनी कंजूष म्हटलं, चेंगट म्हटलं, माझ्या माघारी आणखी काय काय म्हटलं. पण ती पाटी मी हौसेनं लावली नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या त्या डेअरीत मी बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. पाटीच्या आधी ब्रशांना पाय फुटायचे. टाक्या घासायचे निळे, फरशीचे लाल, गटारीचे पिवळे, सगळे गावात निघून जायचे. चेअरमनच्या पुतण्याच्या गोठ्यात आमच्या निळ्या ब्रशनं जर्सी गाय घासली जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गाय लखलखीत, आणि आमची श्रीखंडाची टाकी घासायला फडकं! तेव्हापासून मी प्रत्येक ब्रशच्या दांडीवर तापल्या तारेनं नंबर डागला, ज्याचा ब्रश त्याच्या नावावर टाकला, आणि पाटी लावली. जुनं द्या, नवं घ्या. एवढी साधी गोष्ट, पण लोकांना ती कळेल तर शपथ. कुणी अर्धा ब्रश आणायचं, कुणी दुसऱ्याचा आणायचं, कुणी नुसतं तोंड घेऊन यायचं. बावीस वर्षं मी त्या खिडकीत बसून एकच वाक्य बोलत होतो.

आणखी एक व्यवस्था माझी होती, आणि ती मॅडमना ठाऊक नव्हती.

वर्षातून एकदा आमच्याकडे ऑडिट व्हायचं. बाहेरचे साहेब यायचे, टोपी घालून सगळीकडे हिंडायचे, नखं बघायचे, नाल्या बघायच्या. ऑडिटच्या आदल्या दिवशी मी स्टोअरच्या माळ्यावरून नवे कोरे चाळीस निळे ब्रश खाली काढायचो. जुने गोळा करून पोत्यात, आणि नवे भिंतीवरच्या खुंट्यांना. ऑडिट संपलं की संध्याकाळी नवे परत घ्यायचो, धुवायचो, सुकवायचो, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुन्हा माळ्यावर. जुने परत खुंटीला. तेच चाळीस ब्रश मी चार ऑडिटं पुरवले होते. प्लॅन्टचे मॅनेजर घाटगेसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “अण्णांसारखा वस्तू जपणारा माणूस मिळायचा नाही.” ते वाक्य मी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं होतं.

तेव्हा मॅडमना नवे ब्रश द्यायचे म्हणजे तेच द्यायचे. माझ्या जिवावर आलं होतं ते.

दुपारी मॅडमनी धुलाईच्या खोलीत सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. मलाही बोलावलं, साक्षीला म्हणून. त्यांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि एकेक ब्रश त्यावर धरून त्याचे केस चिमटीनं ओढायला लागल्या. एका ब्रशला दहा ठिकाणी. चाळीस ब्रश. मी दोनदा घड्याळ पाहिलं. ब्रश सगळे जुने होते, केस आडवेतिडवे पसरलेले, पण ओढून एकही निघाला नाही. कागद कोरा तो कोराच.

“एकोणचाळीसच झाले,” मॅडम म्हणाल्या. “सात नंबर कुठाय?”

भिंतीवरची सातवी खुंटी रिकामी होती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी रांगेच्या टोकाची तानूबाई नेजे एक पाऊल पुढं आली.

तानूबाई डेअरीच्या पहिल्या दिवसापासूनची. श्रीखंडाची मोठी टाकी ती एकटी धुवायची, कारण दुसऱ्या कुणी धुतली की आत कुठंतरी चक्का चिकटून राहायचा, आणि तिनं धुतली की टाकीत तोंड दिसायचं. आणखी आठ महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. नवरा गेलेला, लेकी आपापल्या घरी. डेअरी हेच तिचं जाण्यायेण्याचं ठिकाण होतं. बोलायची कमी. माझ्याशी तर कामापुरतंच.

“माझा हाय सात नंबर,” ती म्हणाली. “मोडला.”

तिला घेऊन आम्ही घाटगेसाहेबांच्या खोलीत गेलो. साहेब फोनवर होते. दसऱ्याचं श्रीखंड म्हणजे आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा माल, आणि गावोगावचे दुकानदार सकाळपासून त्यांचा कान खात होते. फोन ठेवला तेव्हाच ते वैतागलेले होते.

“कधी मोडला?”

“झालं की तीन आठवडं, सायेब.”

“आणि तीन आठवडे टाकी कशानं धुतेस?”

“हातानं.”

“हातानं? एवढी टाकी?”

“आत उतरून. फडकं आन् हात.”

“हात बघू,” मॅडम मध्येच म्हणाल्या.

तानूबाईनं हात पुढं केले. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून सोलवटलेली होती, अंगठ्याजवळ दोन चिरा उघड्या. मॅडमची आठी गेली.

“सोड्याच्या पाण्यात उघडे हात घालायलात तुम्ही? रोज?”

“मॅडम, धुणाऱ्या बायकांचे हात असेच असतात,” साहेब म्हणाले. “मला सरळ दिसतंय. बाकीच्या एकोणचाळीस ब्रशांचा एक केस पडला नाही. श्रीखंडाची टाकी हिची. ब्रश हिचाच गायब. केस गळायला लागले हे हिला कळलं, आणि हिनं तो टाकून दिला. खरं की नाही गं?”

“न्हाई, सायेब. दांडी हाय की घरात. तोंड तेवढं निसटून नाल्यात पडलं आन् व्हावून गेलं.”

“मग स्टोअरमधनं नवा का नाही घेतलास?”

तानूबाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी साहेबांच्या पाठीमागच्या कॅलेंडरवर नजर लावली होती. ऑक्टोबरचं पान होतं, खाली बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात. मी ती जाहिरात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.



“ऱ्हायलं घ्यायचं,” तानूबाई म्हणाली.

ती खोटं बोलली. माझ्या खिडकीशी ती तीनदा आली होती. पहिल्यांदा नुसती दांडी घेऊन. मी म्हणालो होतो, “अर्धा देऊन पुरा मागतीयास व्हय? तोंड कुठाय?” ती म्हणाली, नाल्यात गेलं. मी म्हणालो, मग नाल्यात बघ. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला पाटी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवली. मागं दुधाच्या टँकरचे दोन ड्रायव्हर उभे होते, ते हसले. तिसरी वेळ ऑडिटच्या संध्याकाळची. दिवसभर तिच्या हातात ऑडिटचा नवा ब्रश होता. मी गोळा करायला गेलो, तर ती तो छातीशी धरून म्हणाली, “अण्णा, एवढा येक ऱ्हाऊ द्या की माझ्याकडं.” मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. “ऑडिटचा हाय त्यो,” म्हणालो.

हे सगळं त्या खोलीत मला आठवत होतं. बोलायला तोंड उघडलंही असेन. पण ब्रश देणं-न देणं हे माझं काम, आणि तीन आठवडे एक बाई हातानं टाकी धुते आहे हे मला माहीत होतं असं म्हटलं की पुढचा प्रश्न मलाच येणार, हेही कळत होतं. मी गप्प राहिलो.

साहेबांनी निकाल दिला. “गुरुवारी खंडेनवमी. तोवर सात नंबरचा ब्रश माझ्यासमोर आणून ठेव, तोंड आणि दांडी दोन्ही. कसा मोडला, केस किती गळलेत, मॅडम बघतील. नाही आणलास तर दसऱ्यानंतर कामावर यायचं नाही. आणि तोपर्यंत टाकीला हात लावायचा नाही.”

“बरं,” तानूबाई म्हणाली आणि पदर सारखा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोधनकर मॅडम एकोणचाळीस जुने ब्रश क्रेटमध्ये भरून माझ्या खिडकीशी हजर. एकेक मोजून मला दिला. मोजताना माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच शाळेत उशिरा आलेला मुलगा.

“झाली तुमची पाटी खूश? आता द्या.”

काही इलाज नव्हता. मी शिडी लावून माळ्यावर चढलो. स्टोअरचं छप्पर पत्र्याचं, आणि माळ्याच्या बरोबर वर मी मुद्दाम एक पारदर्शक पत्रा बसवून घेतला होता, दिवसा बल्ब लावावा लागू नये म्हणून. पिशवी खाली आणली, गाठ सोडली. निळे, कोरे, सुंदर ब्रश. एकाचाही केस वाकलेला नाही.

“वा!” मॅडम पहिल्यांदाच जरा हसल्या. मग सवयीनं त्यांनी खिडकीच्या फळीवर पांढरा कागद पसरला, एक ब्रश घेतला आणि चिमटीनं केस ओढला.

कट् असा आवाज झाला. केस मधोमध तुटून कागदावर पडला. त्यांनी दुसरा ओढला. तोही तुटला. मग ब्रश नुसता फळीवर घासला, तर दहा-बारा तुकडे. दुसऱ्या ब्रशचं तेच, तिसऱ्याचं तेच.

“हे काय! हे तर पापडासारखे मोडायलेत. कधी आलाय हा माल?”

“अलीकडंच,” मी म्हणालो.

“अलीकडं म्हणजे?”

“दोन-तीन म्हैनं झालं असतील.”

“कुठं वापरला तर नाही ना?”

“पिशवी बांधलेली हुती, बघितलासा की तुमी.”

“सदोष माल पाठवलाय त्यांनी. सगळा परत पाठवा आणि दुसरा मागवा.” त्या चिडून पुटपुटत जुन्याच ब्रशांचं क्रेट उचलून घेऊन गेल्या. “निदान हे तरी केस धरून आहेत!”

मी सांगलीच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दसऱ्यानंतर बघू. फोन ठेवला आणि समोर पाहिलं, तर आदल्या दिवशीचा तो श्रीखंडाचा डबा अजून फळीवरच होता. मी उगाच झाकण उचललं. झाकणावर माल बनवल्याची तारीख छापलेली होती. ती ऑडिटच्या दिवसाची होती.

मी खुर्चीत बसलो.

त्या सकाळी ऑडिटचे साहेब टाकीपाशीच उभे होते. तानूबाई आत उतरली होती. कुणी बघतंय म्हणून नेहमीपेक्षा जास्त जोर लावून घासत होती, नव्या ब्रशनं, माझ्या ब्रशनं. धुऊन झाल्यावर लगेच त्या टाकीत चक्का पडला, साखर पडली. चार वर्षं तो माल माळ्यावर, त्या पारदर्शक पत्र्याखाली उन्हात तळत होता. मागच्या उन्हाळ्यात तिथंच ठेवलेला माझा प्लास्टिकचा मग हातात घेताच चुरला होता, आणि मी कंपनीला शिव्या दिल्या होत्या. ब्रशचं मला सुचलं नाही. कारण ब्रश नवे होते. माझ्या लेखी ते कायम नवेच होते.

मी तसाच उठून मॅडमकडे जायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली. माझी नोकरीची अजून दोन वर्षं राहिली होती. चार वर्षांपूर्वीचा माल दोन महिन्यांचा म्हणून मी पंधरा मिनिटांपूर्वीच सांगून बसलो होतो. आणि घाटगेसाहेबांनी सगळ्यांसमोर जे म्हटलं होतं ते मला अजून पाठ होतं. मी मनाशी म्हटलं, दसरा होऊ दे, साहेबांचा राग निवळेल, तानूबाईला घेतीलच कामावर. एक ब्रश तर आहे. एवढ्यासाठी कुणी बाईला काढतं का?

त्या दोन दिवसांत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. हातमोजे मागायला आलेल्याला झापलं, साबणाचं खोकं उलटं ठेवलं म्हणून हमालावर ओरडलो, घरी आमटीत मीठ कमी म्हणून बायकोवर. बुधवारी वॉचमन खिडकीशी येऊन टेकला.

“अण्णा, ती तानूबाई काय खुळी झालीया काय? काल सकाळधरनं सांडपान्याच्या टाकीवर हाय. जाळीतला गाळ उपसतीया. वास सुटलाय नुसता, जवळ हुबं ऱ्हावत न्हाई.”

“मग तू कशाला हुबा ऱ्हातोस? जा गेटवर!” मी खेकसलो.

तो गेला. मी स्टोअरची मागची खिडकी उघडली असती, तर सांडपाण्याची टाकी तिथून दिसली असती. मी खिडकी उघडली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, आणि ती स्टोअरसमोरच्या ओट्यावर, कारण सगळी हत्यारं माझ्याकडूनच जातात. बावीस वर्षं ती पूजा मी करत आलो होतो. सकाळी ओटा धुतला, सतरंजी घातली. पाने, हातोड्या, वजनकाटा, दुधाची मापं, मेकॅनिकचा वेल्डिंगचा चष्मा, मॅडमचं भिंगसुद्धा, आणि शेवटी ब्रशांची रांग, एक ते चाळीस, मध्ये सातची जागा मोकळी. झेंडूच्या माळा आल्या. घाटगेसाहेब, मॅडम, सगळे कामगार गोल करून उभे राहिले. मी पाटावर बसून हळदकुंकवाचं बोट एकेका हत्याराला लावत निघालो.

ब्रशांपर्यंत आलो तेव्हा गर्दी जरा हलली. काही जणांनी नाकाला रुमाल लावले. तानूबाई आत आली. अंघोळ करून आली होती, केस ओले होते, नेसणं धुतलेलं, तरी अंगाला सांडपाण्याचा वास राहिलाच होता. तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते सोडलं आणि सहा आणि आठच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. दांडी, तिच्यावर डागलेला सात. आणि तिच्याशेजारी ब्रशचं तोंड, काळं पडलेलं, पण घासून धुतलेलं.

“पूजेला हत्यार लागतंयच की,” ती म्हणाली. “हे माझं.”

मग ती माझ्याकडे वळली. रागानं नाही. खिडकीशी यायची तशीच, दोन्ही हात पदरात धरून.

“पूजा झाली की जमा करून घ्या, अण्णा. बगा, पुरं आणलंय. आता नवा द्या.”

माझं हळदकुंकवाचं बोट हवेतच राहिलं. मी ते काळं तोंड उचललं. तीन आठवडे गाळात पडलेलं होतं ते. मी मॅडमसारखे त्याचे केस चिमटीनं ओढले. एकदा, दोनदा, जोर लावून. एकही केस निघाला नाही. सगळे जागच्या जागी.

“नवं न्हाई,” मी म्हणालो.

“का? आता तर पुरं—”

“नवं न्हाईच, तानूबाई. माझ्याकडं जे नवं हाय ते कुजलंय.”

“अण्णा, आधी पूजा उरका,” घाटगेसाहेब वैतागून म्हणाले. “गाड्या खोळंबल्यात बाहेर.”

“साहेब, श्रीखंडातला केस माझा हाय.”

“काय?”

मी पाटावरून उठलो नाही. उठलो असतो तर बोललो नसतो. बसल्या जागी, खाली मान घालून, मी सगळं सांगितलं. ऑडिटचे ब्रश. चार वर्षं. माळा. पारदर्शक पत्रा. डब्यावरची तारीख. मॅडमना सांगितलेलं दोन महिन्यांचं खोटं. मग तानूबाई माझ्याकडे तीनदा आली होती तेही सांगितलं, पाटी मोठ्यानं वाचून दाखवली होती तेही. ड्रायव्हर मागं उभे होते. या वेळी ते हसले नाहीत.

मॅडमनी रांगेतलं आपलं भिंग उचललं आणि सात नंबरच्या केसांवर धरलं. बराच वेळ बघितलं. मग साहेबांना म्हणाल्या, “या ब्रशचा नाहीच तो केस. मी परवाच ओळखायला पाहिजे होतं. माझीही चूक आहे.”

“ओ मॅडम, तुमची कसली चूक!” साहेबांनी कपाळावर हात मारला. “आणि अण्णा, तुम्ही हे आज सांगताय? दसरा उद्यावर आल्यावर? सगळ्या गावासमोर?”

“मंगळवारीच सांगायला पायजे हुतं,” मी म्हणालो.

 त्या चाळीस ब्रशांचं साहेबांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. भिंतीवर ते दर वर्षी लटकलेले त्यांनीही पाहिले होते, आणि संध्याकाळी गायब झालेलेही. ते तानूबाईकडे वळून म्हणाले, “शनिवारपासून ये कामावर.” आणि गर्दीतून निघून गेले. पूजा मीच पुरी केली. करणार कोण दुसरं? सात नंबरला हळदकुंकू सगळ्यांदेखत लावलं.

दसऱ्यानंतर माझी बदली गेटवरच्या वजनकाट्यावर झाली. टँकर येतात, वजन लिहायचं, टँकर जातात. स्टोअरच्या चाव्या मॅडमनी घेतल्या. पाटी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली आणि ब्रश बदलायची तारीख ठरवून टाकली : महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना नवा, जुना असो वा नसो. गावात काही ब्रश पुन्हा जायला लागले असणार. मला राग येत नव्हता असं नाही. पण बोलायला तोंड नव्हतं.

हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते दसऱ्याच्या संध्याकाळचं.

त्या संध्याकाळी मी घरात तोंड लपवून बसलो होतो. आपट्याची पानं द्यायला यंदा आपल्या दारात डेअरीतलं कुणी येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि खरोखर कुणी आलं नाही. दिवे लागायच्या वेळी दारात तानूबाई उभी. दर वर्षी यायची, तशीच आली होती. बायकोच्या हातात पानं ठेवली, मग माझ्या. तिच्या बोटांवर पिवळं मलम लावलेलं होतं.

“सोनं घ्या, अण्णा. सोन्यासारखं ऱ्हावा.”

मी तिला बस म्हणालो. ती उंबऱ्याशीच टेकली. बायको आत चहा टाकायला गेली. मला चार दिवस एकच गोष्ट छळत होती, ती मी विचारली.

“तानूबाई, साहेबांनी तुला विचारलं हुतं. नवा का घेतला न्हाईस म्हणून. तू तीनदा आलीवतीस माझ्याकडं. सांगितलं का न्हाईस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत पाहिलं होतं, तसंच. मला वाटलं, ती चिडेल. निदान टोमणा तरी मारेल. पण तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

“मी कशाला सांगू, अण्णा?” ती म्हणाली. “तुमी हुताच की तितं हुबं. मला वाटलं, तुमी सांगशिला.”